तुमच्या मॉडेलमधलं तेल कधी कमी होत नाही

बेळगाव परिसरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल विभागांतल्या प्राध्यापकांना, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतो. डिप्लोमा करून या धंद्यात पडलो त्याला सव्वीस वर्षं झाली. माझ्या शेडमध्ये येतात ते मळ्यातले २५, ६३ आणि १०० केव्हीए ताकदीचे टीसी, म्हणजे मोटरींना वीज देणारे ट्रान्सफॉर्मर. कोल्हापूरचे पाहुणे त्याला डीपी म्हणतात, कोगनोळीचा नाका ओलांडला की त्याच डब्याचा टीसी होतो. सरकार बदललं, नाव बदललं, जळायची पद्धत तीच.

दोन वर्षांमागच्या फेब्रुवारीत एका कॉलेजातली चार मुलं माझ्याकडं आली, दोन मुली आणि दोन मुलगे. प्रोजेक्टचा विषय होता ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता कुठं आणि किती साठते याचा संगणकावर अंदाज बांधणं. मला फार बरं वाटलं. आपल्या गावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे, तिथून, म्हणजे मच्छ्याहून, उद्यमबागेत यायला दहा मिनिटं लागतात, आणि तरी तिकडून कुणी टीसीबद्दल विचारायला आलं तर आम्ही खुर्ची पुसतो. मुलांना मी हुक्केरी तालुक्यातल्या एका मळ्यातला ६३ केव्हीएचा टीसी सुचवला. त्याच बनावटीचा एक शेडमध्ये उघडा पडला होता, त्याची कॉइल (तारेचं वेटोळं), कोअर (लोखंडी गाभा), टाकी सगळं कॅलिपर आणि टेपनं मोजून दिलं. मळ्यावर जाऊन त्यांनी नेमप्लेटचा फोटो काढला, चहा घेतला आणि गेली.

महिन्याभरानं रिपोर्ट घेऊन आली. काय सुंदर चित्र होतं हो! खाली निळं, वर पिवळं, कॉइलच्या डोक्यावर लालभडक ठिपका आणि शेजारी आकडा, १०३ अंश. खाली लिहिलं होतं, ‘सेफ’. ते चित्र मी शेडच्या भिंतीवर चिकटवलं, अजून आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तोच टीसी टेम्पोतून माझ्या दारात उतरला.

झाकणाचे नट सोडले तेव्हाच वास आला. जळक्या तेलाचा आणि जळक्या कागदाचा वास वेगळा असतो, हा कागदाचा होता, कॉइलच्या तारेवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळतात त्या. चेन ब्लॉकनं कोअर वर घेतला. कॉइलचा खालचा भाग अजून मधाच्या रंगाचा, नव्यासारखा. मधल्या लिंबच्या (कोअरच्या उभ्या खांबाच्या) कॉइलची वरची चार-पाच बोटं मात्र कोळसा. नखानं टोकरलं तर कागद निपाणीच्या तंबाखूसारखा चुरा होऊन हातात आला. मुलांच्या चित्रातला लाल ठिपका अगदी तिथंच होता, हे मान्य करतो. जागा बरोबर होती. आकडा चुकला होता.

का चुकला ते टाकीच्या आतल्या भिंतीवर लिहिलं होतं. तेल जिथपर्यंत उभं असतं तिथं एक तपकिरी रेघ पडते. ही रेघ रेडिएटरच्या वरच्या तोंडाच्या चार बोटं खाली होती. गॅस्केटमधून थेंब थेंब गळत किती महिने गेले देव जाणे.

तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, पण मळ्यातले वाचणारे असतील म्हणून सांगतो. या टीसीत ना पंखा, ना पंप. गरम तेल हलकं होऊन वर चढतं, वरच्या तोंडातून रेडिएटरमध्ये शिरतं, तिथं हवेला उष्णता देऊन जड होतं आणि खालच्या तोंडातून परत टाकीत येतं. सगळा गाडा आपोआप चालतो. पण वरचं तोंडच तेलाबाहेर राहिलं तर फेरा तुटतो. रेडिएटर नुसता शोभेला, उष्णता बाहेर पडायला उरतात टाकीच्या भिंती. तेल तापल्यावर फुगतं हे मी हिशेबात धरलं. साठ अंश चढले तर तेल साडेचार टक्क्यांच्या आसपास फुगतं, हात-दीड हात खोल टाकीत म्हणजे दोन बोटं. कमी होती चार.

मुलांच्या मॉडेलमध्ये तेल काठोकाठ होतं. कारण नेमप्लेटवर तेलाचे लिटर लिहिलेले असतात, आज किती उरलंय ते नसतं.

आता गैरसमज नको. मी संगणकाच्या विरोधातला माणूस नाही. उलट त्या एप्रिलनंतर पोराच्या लॅपटॉपवर मी स्वतः एक हिशेब बसवला, साध्या स्प्रेडशीटमध्ये. आयईसी ६००७६-७ ही ट्रान्सफॉर्मरच्या लोडिंगची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका एका जुन्या टेस्टिंग इंजिनीअर मित्राकडून समजून घेतली. त्यात वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी नमुन्याचे आकडे आहेत. पूर्ण लोडला वरचं तेल बाहेरच्या हवेपेक्षा ५५ अंशांनी तापलेलं आणि कॉइलचा सर्वांत गरम ठिपका त्या तेलापेक्षा आणखी २३ अंशांनी. हवा २० धरली की बेरीज ९८. या ९८ अंशांना साध्या क्राफ्ट पेपरचं वय आपल्या नेहमीच्या चालीनं सरतं, आणि पुढं दर ६ अंशांना ती चाल दुप्पट होते. माँटसिंगर नावाच्या इंजिनीअरनं १९३० मध्ये असाच नियम मांडला तेव्हा तो ८ अंशांचा होता. तेव्हा १०३ ला ‘सेफ’ लिहिताना पावणेदोन-पट वेगानं कागद म्हातारा होतोय एवढं तरी तळटीपेत यायला हवं होतं. असो.

आमच्या मळ्यातला लोड कसा असतो बघा. ६३ केव्हीएचा टीसी ४३३ व्होल्टला ८४ अँपियर देतो. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात अँपियर घेते, म्हणजे अकरा मोटरींना टीसीचं पोट भरलं. प्रत्यक्षात त्यावर तेरा-चौदा मोटरी असतात. पाच म्हणून नोंदवलेली एखादी साडेसातची निघते, त्याबद्दल मी इथं जास्त बोलत नाही, सगळे माझेच गिऱ्हाईक आहेत. आणि थ्री फेज मिळतो सात तास, तोही बहुतेक रात्री. वीज आली रे आली की सगळ्या मोटरी एका दमात चालू, उसाला पाणी. लोड हळूहळू चढतोय, उतरतोय, असलं काही होत नाही. शून्यावरून थेट १२० टक्के आणि सात तास तिथंच.

हा प्रकार समजायला घागर आणि हौद डोळ्यांसमोर आणा. पाण्याची पातळी म्हणजे तापमान, वाहणारं पाणी म्हणजे उष्णता. कॉइल ही घागर, मार्गदर्शिकेप्रमाणं तिचा कालांक, म्हणजे त्रेसष्ट टक्के भरायला लागणारा वेळ, ४ मिनिटांचा, चुटकीसरशी भरते. तेल हा हौद, त्याचा कालांक १८० मिनिटांचा. तीन तासांत तो त्रेसष्ट टक्के भरतो, सात तासांत नव्वद. म्हणजे दुपारी लग्नघरात तासभर जास्तीचा लोड आला तर हौद ते सोसून घेतो. आमच्या सात तासांत मात्र हौद जवळजवळ काठाला लागतो. विजेचं सर्किट सोडवता येणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे जाळं सोडवता येतं. रोधाच्या जागी उष्णतेला होणारा अडथळा, कपॅसिटरच्या जागी तेलाची उष्णता धरायची ताकद. माझ्यासारख्याला जमलं तर तुम्हाला अर्धा तास पुरेल.

१२० टक्के लोडला लोडमुळं होणारा लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, १४४ टक्के होतो, कारण तो करंटच्या वर्गाप्रमाणं वाढतो. माझ्या हिशेबात सातव्या तासाला तेल हवेपेक्षा ६५ अंश वर आणि ठिपका त्यावर ३१. रात्रीची हवा २४ धरा, झाले १२०. म्हणजे त्या शेवटच्या तासात कागदाचं साडेबारा तासांचं आयुष्य गेलं. तेच सात तास दुपारी मिळाले आणि अथणीकडची ३८ अंशांची हवा धरली तर १३४, वेग चौसष्ट पट. १४० च्या आसपास तर कागदात मुरलेल्या ओलाव्याचे बुडबुडे सुटायला लागतात, मग वर्षांचा हिशेब राहत नाही, फटाका कधीही फुटतो. आणि हे सगळं तेल काठोकाठ भरलेलं असताना, रेडिएटर स्वच्छ असताना, तिन्ही फेजवर सारखा लोड असताना.

म्हणून सर, मॅडम, माझं मागणं एवढंच आहे की प्रोजेक्टसाठी आजारी टीसी घ्या. निरोगी टीसीचं गणित बनवणाऱ्या कंपनीनं आधीच केलेलं असतं, त्याची हीट रन टेस्ट, म्हणजे लोडवर तापवून बघायची चाचणी, झालेली असते. आम्हाला कुणी सांगत नाही ते असं, की तेल दोन बोटं कमी असेल तर किती चढेल, चार बोटं असेल तर किती. एका फेजवर तीस टक्के जास्ती लोड असेल तर त्या कॉइलचं काय होईल. रेडिएटरच्या पाकळ्यांत उसाचा पाचोळा आणि कोळ्याची जाळी भरली असेल तर काय. खानापूर-जांबोटीच्या पावसात ओलावा शोषणारं सिलिका जेल गुलाबी पडून वर्ष लोटलंय, कागद ओला झालाय, त्यानं मर्यादा किती खाली आणायची. हे सगळं तुमच्या पडद्यावर एका आकड्याच्या बदलानं होतं. मला ते बघायला टीसी जाळावा लागतो.

रंगाचीच गोष्ट घ्या. दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकाला चकाकी आवडते म्हणून कितीतरी जण टाकीला चंदेरी अल्युमिनियम पेंट मारून देतात. मीही पहिली काही वर्षं दिला. करड्या रंगाची टाकी जेवढी उष्णता किरणांनी फेकते त्याच्यापेक्षा चंदेरी टाकी बरीच कमी फेकते. उन्हात चंदेरी थोडी वाचते, पण आमचा लोड रात्रीचा. सात तासांत अंशांचा फरक किती पडतो ते मला अजून ठाऊक नाही. एका मुलानं दोन दिवस घालवले तर उद्यमबागेतल्या सगळ्या शेडमधला रंगाचा डबा बदलेल.

आणि सैल लगबद्दल, म्हणजे केबलच्या टोकाच्या ढिल्या पकडीबद्दल, तर प्रोजेक्टच कुणी करत नाही. एलटी बुशिंगवर (कमी व्होल्टची वीज टाकीबाहेर काढणाऱ्या चिनी मातीच्या नळीवर) तांब्याच्या दांड्याला अल्युमिनियमचा लग, मध्ये काळी बुरशी, नट अर्धा फेरा ढिला. तिथं अडीच मिलीओहमचा रोध बसला आणि शंभर अँपियर वाहिले तर २५ वॅट झाले. ऐकायला काहीच नाही, पण तुमच्या लॅबमधली सोल्डरिंगची आयर्न २५ वॅटचीच असते. ती रात्रभर बुशिंगच्या गळ्याला लावून ठेवली असं समजा. रबराची वॉशर कडक होते, तेल तिथून पाझरतं, पातळी खाली जाते, रेडिएटरचं तोंड उघडं पडतं. हुक्केरीच्या त्या टीसीची गोष्ट अशीच सुरू झाली असावी असा माझा अंदाज आहे. नट आवळायला दोन मिनिटं लागली असती.

मॉडेल किती मोठं करायचं यावर माझं मत विचारलंत तर आधी घागर-हौदाचं जाळं करा, ते मळ्यातल्या मोजमापाशी जुळवा, आणि मगच टीसीचे बारीक तुकडे पाडून सोडवायच्या जाळीच्या मॉडेलकडं वळा. तेलाचा प्रवाह तिन्ही मितींत सोडवायला घेतला की कॉलेजचा संगणक रात्र रात्र घरघरतो आणि हाती तेच रंगीत चित्र. कॉइलचा उभा छेद दोन मितींत घेतला तरी कागदाच्या कुठल्या थरात उष्णता अडते ते दिसतं. त्याला महागडं सॉफ्टवेअर लायसन्सही लागत नाही, एफईएमएम फुकट आहे, फिनलंडच्या सीएससीचं एल्मर फुकट आहे, ओपनफोम फुकट आहे. एक गोष्ट मात्र विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० वरून १०० वर गेला की जवळजवळ एकतीस टक्के जास्ती. तापल्यानं लॉस वाढतो, लॉस वाढल्यानं आणखी तापतं. लॉस एकदाच टाइप करून मोकळं होणारं मॉडेल इथंच फसतं.

फौंड्रीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. इंडक्शन फर्नेसच्या कन्व्हर्टरमुळं करंटमध्ये २५० आणि ३५० हर्ट्झचे तुकडे मिसळतात आणि कॉइलमधला एडी लॉस (तारेत फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांचा लॉस) फ्रिक्वेन्सीच्या वर्गानं चढतो. तेवढाच करंट, पण २५० हर्ट्झला पंचवीस पट. मीटरवर लोड ऐंशी टक्के दिसतो आणि टाकीला हात लावता येत नाही. उद्यमबागेतले मालक तुम्हाला जागाही देतील आणि चहाही, नुसतं विचारा.

मोजायचं कसं, असं मुलं विचारतात. झाकणावर थर्मामीटरचा खिसा असतो, त्यात डिजिटल सेन्सर सोडा. डीएस१८बी२० हा १२५ अंशांपर्यंत चालतो आणि तेलाला तेवढा पुरे. हवेचं तापमान टाकीजवळ सावलीत घ्या, मोबाइलवर शहराचं बघून टाकू नका. सांबऱ्याच्या विमानतळावरचा आकडा आणि अथणीच्या माळावरचा आकडा यांत उन्हाळ्यात सहज चार-पाच अंश असतात, म्हणजे कागदाचं आयुष्य साठ टक्क्यांच्या आसपास. कॉइलचं सरासरी तापमान काढायला तारेलाच थर्मामीटर करा. सकाळी थंड असताना, समजा २७ अंशांना, रोध मोजला आणि तापवून बंद केल्याबरोबर तो सव्वापट भरला, तर २७ मध्ये २३५ मिळवा, सव्वापट करा, २३५ वजा करा. साडेब्याण्णव. वायर अल्युमिनियमची असेल तर २३५ ऐवजी २२५. हे शेडमध्ये माझ्या बाकावर करा. मळ्यातल्या टीसीला लाइनमन बरोबर असल्याशिवाय आणि लाइन काढून अर्थिंग केल्याशिवाय बोट लावायचं नाही, यात मार्क गेले तरी चालतील. थर्मल कॅमेरा आणलात तर चकचकीत लगवर काळ्या टेपचा तुकडा आधीच चिकटवून घ्या, नाहीतर तो तुम्हाला लगचं नव्हे तर आभाळाचं तापमान दाखवेल.

आणखी एक. रिपोर्ट इंग्रजीत लिहा, परीक्षकांना तो लागतो. पण त्याच्या शेवटी एक पान असं जोडा जे टीसीखाली उभं राहून वाचता येईल. आमच्याकडं मोटर चालू करणारा शेतकरी मराठी बोलतो, लाइनमन कन्नड, आणि दोघांचं एकमेकांत बरं चालतं. अडतं ते फक्त कागदावर. एका पानावर वर मराठी, खाली कन्नड, आणि तक्ता एकच: हवा इतकी, मोटरी इतक्या, तर तास इतके. अमुक मोटरी पहिल्या तीन तासांत, उरलेल्या नंतर, अशी पाळी लावली तर टीसी किती वर्षं जास्त टिकतो हे तुमचं मॉडेल सांगू शकतं. शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला जाऊ नका, आकडा दाखवा. टीसी जळला की बदलून येईपर्यंत पिकाचं काय होतं ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

त्या चार मुलांपैकी एक मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा शेडमध्ये डोकावली. मी तिला टाकीच्या आतल्या रेघेचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काका, तेव्हा आम्ही तुम्हाला पातळी विचारलीच नाही.” मी म्हटलं, मीही सांगितली नाही. तेही खरंच आहे. मापं देताना माझ्याही डोक्यात टीसी भरलेलाच होता.

आता कामाचं. येत्या शनिवारी सकाळी नऊला चिकोडीकडून आलेला एक ६३ केव्हीए उघडणार आहे. बाहेरून बघता तेलाचा काटा तळाला आहे आणि एका एलटी बुशिंगखाली काळा ओघळ. कॉइल कापली की तांबं मोडीत जातं आणि सगळा पुरावा त्याच्याबरोबर, म्हणून दुपारी दोनपर्यंत कापायची थांबतो. टेप, कॅलिपर, वही घेऊन या. कपडे जुने घाला, हे डाग निघत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उद्यमबागेतला एक टीसी दुरुस्तीवाला